अहो तू

तिकडे पहिल्या पदवीचं नाव ‘तू’.
आपल्या कानाला हसू येतं.
पण नाम दिन्हकडच्या गावांत
‘तू’ म्हणवून घेण्यासाठी
माणसं अर्धं आयुष्य शाई घोटायची,
आणि मग गाव त्याच्याआधी ‘ओंग’ लावायचं, आदरानं.
ओंग तू.
म्हणजे, अहो तू.

डांग हू ख्वात घोड्याच्या वर्षी ‘तू’ झाला.
बायकोनं बांबूची बाज पाठीवर घेतली, त्यानं कनात,
गळ्यात शाईचा नळा.
परीक्षेच्या मैदानात गुडघाभर चिखल.
त्यात स्वतःपुरतं घर उभारून
तो उजेड असेतो लिहीत बसला.
वरच्या यादीतली नावं
उंच खुर्चीवरून भोंग्यातून हाकारतात,
गावासकट, वयासकट.
खालच्या यादीतली नुसती फळ्यावर डकवतात.
ख्वातनं आपलं नाव वाचलं. ऐकलं नाही.

‘तू’ला वेठ माफ,
गावजेवणात वरच्या चटईवर जागा,
पण नोकरी नाही.
ती हवी तर तीन वर्षांनी पुन्हा बसा.
कोंबड्याच्या वर्षी तो पुन्हा बसला
आणि पुन्हा ‘तू’च झाला.
दोनदा ‘तू’ झालेल्याला तिकडे म्हणतात ‘केप’,
अस्तर लावलेला अंगरखा.
उंदराच्या वर्षी तिसऱ्यांदा.
तिसऱ्यांदा झाला की ‘मेन’,
आत कापूस भरलेली दुलई.
गाव थट्टा करतंय की मान देतंय
हे त्याला नीट कधी कळलं नाही.
‘थंडी तरी वाजत नाही,’ एवढंच म्हणायचा.

बायकोलाही मागोमाग बढती मिळत गेली,
बाई तू, बाई केप, बाई मेन,
परीक्षेला न बसता.
बदकं तिनं वाढवली, कागदाचे पैसे तिनं फेडले,
बाज दर वेळी तिच्याच पाठीवर.
मुलगी थ्वा समोर बसून शाई घोटायची,
त्यामुळे अक्षरं आधी उलटी वाचायला शिकली.
तिच्यासाठी यादीच नव्हती,
खालचीसुद्धा.

मांजराच्या वर्षी चौथ्यांदा.
चौथ्यांदा झाला की ‘डुप’, ठिगळावर ठिगळ.
तळ्यात दगड पडल्यासारखा शब्द.
पोरं तो बांधावरून उगाचच म्हणत जायची.
आणि मग बातमी आली,
आता परीक्षा बंद.
फ्रेंच साहेबाला आडवी अक्षरं हवीत.
पाचव्या वेळेला काय म्हणायचं
हे ठरवायची गरज गावाला उरली नाही.

बायकोनं कनात उसवून
बदकांच्या खुराड्यावर घातली.
ख्वात बघत उभा होता. मध्येच म्हणाला,
‘तुझं नाव काय गं?’
‘आता कशाला?’
‘सांग तर.’
तिनं दोरा दातांनी तोडला
आणि वर न बघता सांगितलं.

मग तो बाजेवर चढला.
बांबू करकरले.
दोन्ही हातांचा भोंगा करून
त्यानं ते नाव हाकारलं,
तिच्या माहेरच्या गावासकट, वयासकट
(वय चुकलं, तिनं खालून दुरुस्त केलं),
भोंगेवाला हेल काढतो तसाच हेल काढून.
बदकं ओरडायला लागली.
शेजारचा म्हातारा कुंपणाशी आला,
कोण पास झालं म्हणून.
‘उतरा,’ ती म्हणाली, ‘बाज मोडेल.’
पण लगेच नाही म्हणाली.

ते नाव थ्वानं कुणाला सांगितलं नाही.
आईबापांचं नाव लेकरांनी तोंडावर आणायचं नसतं तिकडे,
त्या आवाजाचा दुसरा शब्दही टाळायचा.
म्हातारपणी ती बाजारात जायची
आणि पपनसांच्या ढिगापुढे थांबून
नुसतं बोट दाखवायची,
‘ते मोठं लिंबू.’
विकणारी पोर दर वेळी हसायची,
‘आजी, पपनस म्हणा की!’
‘मोठं लिंबू,’ थ्वा म्हणायची.
‘दोन दे. चांगली बघून दे.’